खासगी रस्त्याचा खर्च: सारखा वाटला म्हणजे बरोबर वाटला का?

सोलापूरच्या हद्दवाढ भागात कुठंही जा, विजापूर रोडच्या आत, शेळगीकडं, बाळे-केगावच्या बाजूला, चित्र ठरलेलं असतं. मुख्य रस्ता डांबरी, त्याला फुटलेली गल्ली मुरमाची, आणि त्या गल्लीत आठ-दहा घरं. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात. तो पडून गेला की खड्डे एवढे होतात, की रिक्षावाला तोंडाशीच उतरवतो. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतं, "रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी यावे, रस्त्याचं बघू." सगळे येतात. रस्ता करायला कुणाचीच ना नसते. प्रत्येकी किती, हा आकडा निघाला की बैठक फिसकटते.

तोंडाशी राहणारे म्हणतात, "मालक, माझं गेट मेन रोडपासून वीस पावलांवर. आत माझी गाडी कधी जातच नाही. मी कशाला सगळ्यांएवढं भरू?" शेवटच्या घरचे म्हणतात, "अण्णा, रस्ता काय माझ्या एकट्यासाठी चाललाय का? सगळ्यांचा रस्ता, सगळ्यांना सारखं." रिकाम्या प्लॉटचा मालक पुण्याहून फोनवर असतो, "काका, मी वर्षातून एकदा गड्ड्याच्या जत्रेला येतो, माझ्याकडून काय घेताय?" आणि ज्याच्या घरामागं पत्र्याच्या शेडात यंत्रमाग चालतात, ज्याच्याकडं एक दिवसाआड सुताचा टेम्पो येतो, तो गप्प असतो. सारखा वाटा ठरला तर त्याचं काहीच बिघडत नाही.

खोटं कुणीच बोलत नाही. घोळ होतो तो एकाच आकड्यात तीन वेगळे खर्च कोंबल्यामुळं. रस्ता मुळात असावा यासाठीचा एक खर्च, तो अमुक लांब असावा लागतो म्हणून येणारा दुसरा, आणि तो वापराने झिजतो म्हणून येणारा तिसरा. पहिल्याला सारखा वाटा शोभतो, दुसऱ्याला अंतराचा, तिसऱ्याला वजनाचा. हे तीन सुटे केले की निम्मं भांडण संपतं, उरलेल्या निम्म्याला कागद लागतो.

आधी बघा, रस्ता खरंच खासगी आहे का

पैसे गोळा करण्याआधी हे काम. पुष्कळ गल्ल्या लोक खासगी समजून वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून भरत राहतात.

१९९२ साली शहराची हद्द वाढली आणि आजूबाजूची गावं महापालिकेत आली. त्याआधी आणि नंतरही शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. जमीनमालकाने कागदावर एक रेघ मारली, तिला रस्ता म्हटलं आणि दोन्ही बाजूंचे तुकडे विकले. ती रेघ आज आपली गल्ली. दुसरीकडं रीतसर बिगरशेती करून, लेआउट मंजूर करून पाडलेले प्लॉट आहेत. त्यातल्या रस्त्याची गोष्ट वेगळी.

म्हणून तीन कागद काढा. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमा वाचा. "पूर्वेस ९ मीटर रस्ता" असं लिहिलंय, का "पूर्वेस अमुक यांची मिळकत, त्यातून जाण्या-येण्याचा हक्क" असं? दुसरा कागद म्हणजे रस्त्याच्या पट्टीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, त्यावर आज कुणाचं नाव आहे ते पाहायला. तिसरा, मंजूर लेआउट असेल तर त्याचा नकाशा, तो महापालिकेच्या नगररचना विभागाकडं मागायचा. लेआउटमधला रस्ता महापालिकेकडं वर्ग झाला असेल तर वर्गणी काढायचं कारणच नाही, अर्ज करायचा आणि पाठपुरावा करायचा. झाला नसेल तर तो खासगीच राहतो, भले त्यावरून उभं गाव जात असो.

महानगरपालिकांचा जो १९४९ चा कायदा आहे, त्यात सार्वजनिक रस्ता आणि खासगी रस्ता हे दोन वेगळे प्रकार आहेत. खासगी रस्ता सपाट करा, खडी टाका, गटार काढा, असं लगतच्या मालकांना सांगायचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि नीट केलेला रस्ता पुढं सार्वजनिक म्हणून जाहीर करायची वाटही आहे. गुंठेवारीतल्यांसाठी, म्हणजे असे गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले तुकडे घेतलेल्यांसाठी, २००१ चा नियमितीकरणाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. प्लॉट नियमित करून घेतलेला नसेल तर रस्त्याचं पुढचं बोलणं अवघड जातं, एवढंच इथं पुरे.

"आम्ही घरपट्टी भरतो, मग रस्ता आम्ही का करायचा?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. राग समजण्यासारखा आहे, पण घरपट्टी हा कर आहे, एखाद्या ठरावीक गल्लीच्या कामाची फी नाही. शिवाय सरकारी पैसा खासगी जागेवर लावायला अडचण येते. नगरसेवकाने शब्द दिला तरी फाइल याच मुद्द्यावर अडते. म्हणून कागद आधी.

कायदा कुणाच्या बाजूने?

लोकांना वाटतं कायद्यात कुठंतरी "सगळ्यांनी समान भरावे" असं लिहिलेलं आहे. तसं सरसकट कुठंच नाही. गंमत अशी, की आपल्याच राज्यात याला दोन उत्तरं आहेत. फ्लॅटच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत आदर्श उपविधीप्रमाणे सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला समान असतं, मग घर एक बेडरूमचं असो की तीन. पाणीपट्टी मात्र नळांच्या हिशेबाने. आणि १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र केलेली इमारत असेल, तर सामाईक खर्च ज्याच्या त्याच्या अविभक्त हिश्शाच्या टक्क्याने, म्हणजे मोठ्या घराला जास्त. इमारती शेजारी-शेजारी असल्या तरी नियम वेगळे. तेव्हा "समान म्हणजेच कायदेशीर" हे डोक्यातून काढून टाकायचं.

आपल्या गल्लीत यातलं काहीच नसतं. सोसायटी नोंदवलेली नाही, घोषणापत्र नाही. अशा वेळी दोन जुने कायदे कामाला येतात.

पहिला, १८८२ चा सुविधाधिकार कायदा, ज्याला कोर्टात सगळे इझमेंट ॲक्ट म्हणतात. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्याचा वहिवाटीचा हक्क याच कायद्यातला. त्याचं कलम २५ सरळ आहे: असा हक्क वापरण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी जे बांधकाम, जी दुरुस्ती लागते, तिचा खर्च हक्क वापरणाऱ्याने करायचा. कलम २७ त्याची दुसरी बाजू सांगतं. ज्याच्या जागेतून वाट जाते तो दुसऱ्यासाठी काही करून द्यायला बांधील नाही. म्हणजे मूळ जमीनमालकाच्या नावावर अजून रस्त्याची पट्टी असली, तरी "तुमची जागा आहे, तुम्ही डांबर टाका" असं त्याला म्हणता येत नाही. मात्र वापरणारे आठ जण असतील तर त्या आठांनी आपसांत कसं वाटून घ्यायचं, यावर हा कायदा गप्प आहे. आपलं भांडण नेमकं त्याच गप्प जागेत बसतं.

दुसरा, १८७२ चा करार कायदा. कलम ७० म्हणतं की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर रीतीने काही केलं, फुकट करायचा हेतू नव्हता, आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. ऐकायला हे हुकमी पान वाटतं. सहा जणांनी रस्ता केला, दोघांनी पैसे दिले नाहीत, पण गाड्या रोज त्यावरूनच जातात, मग लावा कलम ७०. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या एका निकालात स्पष्ट केलंय की लाभ स्वेच्छेने घेतलेला हवा, नाकारायची संधी असायला हवी. आता स्वतःच्या दारापुढचा रस्ता माणूस नाकारणार कसा? उडून घरी जाणार? म्हणून "मला हे काम नको, एवढ्या खर्चाचं तर नकोच" असं ज्याने आधीच लेखी कळवलंय, त्याच्याकडून या कलमाखाली वसुली अवघड. ज्याने बैठकीत मान डोलावली, काम चालू असताना आपल्या गेटपुढचा उतार गवंड्याकडून नीट करून घेतला आणि पैशाच्या वेळी फोन उचलणं बंद केलं, त्याच्याकडून मात्र जमू शकतं. दावा करायचा तर साधारण तीन वर्षांच्या आत, हेही ध्यानात ठेवायचं.

त्याच कायद्याचं कलम ४३ फारसं कुणी बघत नाही. अनेकांनी मिळून एक वचन दिलं आणि कुणाचा वाटा किती ते ठरवलं नाही, तर आपसांत वाटा समान धरला जातो. म्हणजे ठेकेदाराच्या कागदावर आठ जणांनी सह्या केल्या आणि प्रमाण लिहिलं नाही, तर तोंडाशी राहणाऱ्याची तक्रार तिथंच संपली. ज्याला समान वाटा नको आहे त्याने सही करण्याआधी बोलायचं असतं.

बाहेर काय चालतं? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात करार नसेल तर वापराच्या प्रमाणात खर्च, असं दिवाणी संहितेतच लिहून ठेवलंय. स्वीडनमध्ये खासगी रस्त्यांचा पसारा मोठा. तिथं १९७३ च्या कायद्याखाली प्रत्येक मिळकतीचा वाटा ठरतो तो किती टन वाहतूक आणि किती अंतर यांच्या गुणाकाराने. आपल्याला एवढं बारीक मोजायची गरज नाही, पण अंतर आणि वजन या दोन गोष्टी तिथं भावनेवर सोडलेल्या नाहीत, हे घेण्यासारखं आहे.

अंतराचा हिशेब

आता मुख्य गणित. समजा गल्ली १६० मीटर लांब, पुढं बंद. तिचे ४० मीटरचे चार टप्पे करा. प्रत्येक टप्प्यात समोरासमोर दोन घरं, एकूण आठ. काँक्रीटचा खर्च ४,८०,००० रुपये धरू. हा बाजारभाव नाही, हिशेबाला सोपा म्हणून घेतलेला आकडा आहे. एका टप्प्याला १,२०,०००.

समान वाटला तर प्रत्येकी ६०,०००. झाला हिशेब, आणि इथंच तोंडावरचे दोघं उठून जातात.

अंतराने वाटायचं तर असं विचारा, की हा टप्पा कोण-कोण वापरतं? पहिला टप्पा आठही घरं वापरतात, म्हणून १,२०,००० भागिले आठ, प्रत्येकी १५,०००. दुसऱ्या टप्प्यावर पहिली दोन घरं जात नाहीत, उरली सहा, प्रत्येकी २०,०००. तिसऱ्यावर चार घरं, प्रत्येकी ३०,०००. चौथ्यावर दोनच, प्रत्येकी ६०,०००. बेरीज करा: पहिल्या जोडीला १५,०००, दुसऱ्या जोडीला ३५,०००, तिसऱ्या जोडीला ६५,०००, शेवटच्या जोडीला १,२५,०००. एकूण बरोबर ४,८०,०००.

ही पद्धत घरगुती दिसते, पण तिच्यामागं पक्कं गणित आहे. लॉइड शॅपली नावाच्या अमेरिकी गणितज्ञाने १९५३ साली एकत्र केलेल्या कामाचा फायदा-तोटा कसा वाटावा याचं सूत्र मांडलं. २०१२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढं १९७३ मध्ये लिटिलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी विमानतळाच्या धावपट्टीला ते लावून दाखवलं. छोट्या विमानाला धावपट्टी आखूड चालते, मोठ्याला लांब लागते, मग लांबीचा खर्च कुणावर? त्यांचं उत्तर हेच निघालं: जो तुकडा जे वापरतात, त्यांनी तो सारखा वाटून घ्यायचा. आपली बंद गल्ली म्हणजे हिशेबाला धावपट्टीच. फक्त इथं विमानाऐवजी स्कूटी.

पण हे उत्तर कागदावर जितकं चोख, तितकं बैठकीत चालत नाही. शेवटच्या घराला पहिल्याच्या आठपटीहून जास्त भरावं लागतं, आणि त्या घरच्यांची कुरकुर खोटी नाही. तोंडावरच्या घराचाही आतल्या रस्त्याशी संबंध असतो. पाहुण्यांच्या गाड्या आत लागतात, टाकी साफ करायला आलेला माणूस आत वळून येतो, आतल्या खड्ड्यातला गाळ वाहत त्यांच्याच गेटपाशी येऊन साचतो. शिवाय गल्ली चांगली झाली की सगळ्याच प्लॉटचा भाव चढतो, तो काही मीटर मोजून चढत नाही.

माझं मत सांगतो. निम्मा खर्च समान, निम्मा अंतराने. वरच्याच आकड्यांत पहिल्या जोडीला ३७,५०० येतात, दुसऱ्या जोडीला ४७,५००, तिसऱ्या जोडीला ६२,५००, शेवटच्या जोडीला ९२,५००. पहिल्याला ६०,००० वरून दिलासा मिळतो, शेवटच्याच्या डोळ्यांसमोर अंधारी येत नाही. निम्मं-निम्मंच का, चाळीस-साठ का नाही? याला शास्त्र नाही. तिथं घासाघीस चालू द्या. पण घासाघीस त्या एका टक्क्यावर चालू द्या, आठ जणांच्या आठ आकड्यांवर नको.

गल्ली दोन्हीकडून उघडी असेल तर हे गणित मोडतं, कारण कोण कुठून जातो ते ठरत नाही. तिथं सरळ समान वाटा घ्या, फार तर प्लॉटच्या रस्त्याकडच्या रुंदीवर.

झीज: टेम्पो, टँकर आणि पाणी

अंतराचा हिशेब रस्ता बांधायच्या खर्चाचा. रस्ता बिघडतो ते मात्र अंतराने नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून बघितले. त्यातून जो ठोकताळा निघाला तो आजही जगभर वापरतात. रस्त्याचं नुकसान चाकाच्या आसावर येणाऱ्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट तर नुकसान सोळापट. एक टनाच्या कारच्या एका आसावर अर्धा टन येतो. 'छोटा हत्ती' टेम्पो भरून आला तर मागच्या आसावर साधारण टनभर, म्हणजे कारच्या एका आसाच्या सोळापट नुकसान. आता दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घ्या. नुसतं पाणीच दहा टन, वर गाडीचं वजन. मागच्या आसावर दहा टन धरले तर कारच्या एका आसाच्या वीसपट, आणि वीसचा चौथा घात १,६०,०००. आठ घरांच्या आठ कार रोज दोनदा गेल्या तर वर्षाला ५,८४० खेपा होतात. ठोकताळा अक्षरशः लावला तर कारला दोन आस असतात हे धरून टँकरची एक खेप म्हणजे आठ घरांची जवळजवळ चौदा वर्षांची ये-जा. मुरमाच्या गल्लीत हा आकडा असाच्या असा लागू पडत नाही, कारण हा ठोकताळा पक्क्या रस्त्यांवरचा आहे. पण "त्याच्याकडं दोन कार आहेत, आमच्याकडं एकच" यावर तासभर भांडणं किती फुकट आहे, ते यावरून कळावं.

पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात टँकर हा चैनीचा विषय नाही. उन्हाळ्यात सगळ्यांनाच लागतो. आळीपाळीने सगळे मागवत असतील तर तो वाटा समानच. एका घरात मुलांचं वसतिगृह चालतं आणि आठवड्याला दोन टँकर त्यांचेच, तर मात्र वेगळं.

आणि खरा शत्रू वजनापेक्षाही पाणी. आपली काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरून रोलर फिरवला तर एका पावसाळ्यात मुरूम मातीत जिरून जातो. म्हणून खाली खडीचा थर हवा, मध्ये उंच आणि कडेला उतरता आकार हवा, मुरमाच्या रस्त्याला मीटरला तीन-चार सेंटीमीटर उतार, काँक्रीटला दोन पुरेत. आणि कडेला वाहती चारी. ही चारी कशी मरते ते कुठल्याही गल्लीत वाकून बघा. गाडी आत घ्यायला गेटपुढं सिमेंटचा उतार बांधलेला असतो, त्याच्याखाली चार इंची पाइप टाकलेला असतो, त्यात गुटख्याच्या पुड्या, पालापाचोळा आणि मागच्या बांधकामातली वाळू घट्ट बसलेली असते. वरून आलेलं पाणी तिथं अडतं, रस्त्यावर चढतं, आणि गेटच्या वरच्या बाजूला बरोबर चाकाच्या रेषेत खड्डा पडतो. दरवर्षी त्याच जागी. गच्चीच्या पन्हाळीचा पाइप थेट रस्त्यावर सोडलेला असेल तर त्याच्याखालीही तसाच एक. या दोन खड्ड्यांचा खर्च आठ घरांत वाटणं हाच खरा अन्याय आहे. ते ज्याचे त्याने भरायचे, आणि आधी पाइप मोठा करून द्यायचा.

वर्षाच्या किरकोळ दुरुस्तीचा नमुना देतो. वर्षाला २४,००० रुपये धरा. निम्मे ऊन-पावसाचे, ते आठ घरांत समान, प्रत्येकी १,५००. उरलेले १२,००० झिजेचे, ते गुणांवर वाटायचे. साध्या घराला एक गुण, यंत्रमागाच्या शेडवाल्याला पाच. सात घरांचे सात आणि हे पाच मिळून बारा गुण, एका गुणाला १,०००. साध्या घराचे वर्षाचे २,५००, शेडवाल्याचे ६,५००. चौथ्या घाताने गेलं आणि टेम्पो मोठा असला तर बिचाऱ्यालाच जवळजवळ सगळं भरावं लागेल, पण तो धंदा करतो म्हणून त्याला गल्लीबाहेर काढायचं नाहीये. पाच गुण त्याला पटतात का विचारा. चार म्हणाला तर चार.

ज्यांच्यावरून बैठक मोडते ते

रिकामा प्लॉट. माझं म्हणणं असं, की बांधायच्या खर्चात त्याचा पूर्ण वाटा, झिजेत शून्य. प्लॉटचा भाव त्याचाही वाढतो. आज जवळ पैसे नाहीत म्हणाला तर लिहून घ्या, की विकताना किंवा बांधकाम काढताना देईल. रस्त्याचं आयुष्य दहा वर्षं धरलं आणि तो चार वर्षांनी आला, तर उरलेल्या सहा वर्षांचा भाग घ्यायचा. दुसऱ्या जोडीतला प्लॉट असेल तर ४७,५०० चे साठ टक्के, २८,५००. हे पैसे आधी ज्यांनी त्याच्या वाट्याचे भरले त्यांना त्याच प्रमाणात परत.

कोपऱ्यावरचं घर. भिंत गल्लीला लागून, गेट मेन रोडला. गेट नाही तोवर मागू नका. उद्या गल्लीकडं गेट पाडलं की वरचाच नियम.

नवं बांधकाम. विटांचा ट्रक, वाळूचा डंपर, काँक्रीटचा मिक्सर. दहा वर्षांत होणार नाही ते नुकसान आठ महिन्यांत होतं. यावर वाटा-बिटा काढत बसू नका, काम सुरू करण्याआधी अनामत घ्या आणि रस्त्याचे फोटो काढून ठेवा. नळजोडासाठी खोदाई करणाऱ्यालाही हेच.

ज्याला जास्त चांगलं हवंय तो. बाकीच्यांना खडी-मुरूम पुरे, एकाला पेव्हर ब्लॉक हवेत. दुरुस्तीचा खर्च सगळ्यांचा, वरची हौस ज्याची त्याची.

आणि पैसे असून न देणारा. गल्लीत एखादा असतोच. त्याची वाट अडवायची नाही. साखळी लावणं, दगड टाकणं, त्याच्या दारात खडीचा ढीग करणं, यातून मनाई हुकमाचा दावा आपल्याच अंगावर येतो आणि भांडण रस्त्याच्या पैशावरून वहिवाटीच्या हक्कावर घसरतं. त्याला लेखी कळवा: कामाचं स्वरूप, ठेकेदाराचे दोन-तीन दरपत्रकांचे आकडे, त्याचा वाटा, उत्तराची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच ठेवा. कलम ७० चं काय होणार ते या एका पाकिटावर ठरू शकतं. त्यानंतरही नाहीच दिले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दावापूर्व अर्ज करून लोकअदालतीत बोलवता येतं. तिथं तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की, त्यावर अपील नाही. आठ-दहा हजारांसाठी वर्षानुवर्षं दिवाणी दावा चालवण्यापेक्षा हे परवडतं.

कागदावर काय हवं

५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार करा. त्यात गल्लीचा हाताने काढलेला नकाशा जोडा, टप्पे आणि घरांचे नंबर टाकून. बांधायच्या खर्चाचं सूत्र, वर्षाच्या दुरुस्तीचं सूत्र, गुण किती वर्षांनी बदलायचे, किती जणांची संमती असली की दुरुस्ती करता येईल आणि किती जणांची असली की नवा रस्ता, हे लिहा. दुरुस्तीला साधं बहुमत पुरे, नव्या रस्त्याला मी तीन-चतुर्थांश म्हणेन. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात नकोत. दोघांच्या सहीचं वेगळं बँक खाते काढा, आणि त्यातला एक तोंडाकडचा, एक शेवटाकडचा असू द्या.

असा करार सही करणाऱ्यालाच बांधतो, घराला नाही. घर विकलं की नवा मालक म्हणू शकतो, मला काय माहीत. म्हणून विकणाऱ्याने थकबाकी चुकती करायची आणि खरेदीखतात या कराराचा उल्लेख करायचा, असं कलम घाला. जाण्या-येण्याचा हक्कच नव्याने लिहून देत असाल तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवून घ्या, तिथं वकिलाची फी वाचवू नका. घरं वीस-पंचवीसच्या पुढं असतील तर रीतसर संस्था नोंदवलेली बरी. आठ घरांना तिचा व्याप झेपत नाही.

एक कलम बहुतेक जण विसरतात. उद्या महापालिकेने रस्ता ताब्यात घेतला तर खात्यात उरलेले पैसे कुणाचे? ज्या प्रमाणात भरले त्या प्रमाणात परत, आणि थकबाकीदाराची थकबाकी त्यातून वजा, असं आधीच लिहून ठेवा.